पॉइंट टू टू, मोठी मूठ

मामाचं पत्र आलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि दर शनिवारी-रविवारी मुलुंडच्या डोंगराखालच्या एका लहानशा नेमबाजी क्लबात जात होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही घाटकोपरला टेकडीच्या उतारावरच्या चाळीत राहायचो. बाबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मी बी.कॉम. होऊन अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले होते. आमच्यासारख्या घरातली मुलगी पिस्तूल चालवते म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग आईकडे बघायचे, जणू तिनेच काहीतरी घोळ घातला होता.

कॉलेजात कॅडेट असताना मी रायफल चालवायला शिकले. तिथल्या शिक्षकांनी मला या क्लबात पाठवलं. क्लबाचे कोच फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते, साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. क्लबाकडे सरावाची दोनच पिस्तुलं होती आणि ती धरणारे हात वीस-बावीस. त्यातलं एक कायम दुरुस्तीला गेलेलं असायचं. दुसऱ्याची लाकडी मूठ कुणा धिप्पाड माणसाच्या पंजाच्या मापाने कोरलेली होती. माझं बोट चापापर्यंत पोचवायला मला मनगट वाकडं करावं लागे, आणि मनगट वाकडं झालं की गोळ्या डावीकडे जात. सर म्हणायचे, "तुझा नेम चांगला आहे, पण तू दुसऱ्याची चप्पल घालून पळतेयस."

मामा आईचा धाकटा भाऊ. सात वर्षं जर्मनीत एका जहाज दुरुस्तीच्या कारखान्यात होता. पत्रात त्याने लिहिलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात तो कायमचा परत येतोय. परदेशात इतकी वर्षं राहून परतणाऱ्याला सामानात एक शस्त्र आणता येतं, असा तेव्हा नियम होता. "मला काय करायचंय पिस्तूल," त्याने लिहिलं होतं, "तुझ्यासाठी आणतो. इथे एक जुनं, नावाजलेलं मॉडेल आहे, महायुद्धाच्या आधीपासून बनतंय. तू परवाना काढून ठेव, मग रीतसर तुझ्या नावावर करू. कुठल्या बोअरचं हवं आणि लहान की मोठं, ते ठरवून कळव. घाई नको. तुझ्या हाताला बसेल असंच आणीन."

सोबत एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. त्यात एकाच पिस्तुलाची दोन रूपं शेजारी शेजारी छापली होती, एक मोठ्या फ्रेमचं, एक लहान फ्रेमचं, थोरली आणि धाकटी बहीण असल्यासारखी. खाली तक्ता होता. नळीची लांबी, मुठीची उंची, वजन, सगळं मिलिमीटर आणि ग्रॅममध्ये. जर्मन मला येत नव्हतं, पण आकडे कळत होते. मी ते माहितीपत्रक इतक्या वेळा उघडलं की आठवड्याभरात त्याची घडी फाटायला आली.

आई पहिल्या दिवसापासून विरोधात होती. ती मालवणकडची, आणि मनातलं तोंडात यायला तिला वेळ लागत नसे. "पिस्तूल घेवन काय करतलंस? आमट्येत घालतलंस?" बाबा मात्र चष्मा कपाळावर चढवून माहितीपत्रक दिव्याजवळ घेऊन बसले. त्यांनी चित्रातल्या स्लाइडवर, म्हणजे गोळी सुटली की मागे सरकणाऱ्या वरच्या भागावर, नखाने हळूच रेघ ओढली.

"हे मशिनिंग बघ," ते म्हणाले. "एवढ्याशा जागेत एवढं काम. हात जोडले या लोकांना."

बाबांना असं बोलताना मी फार वेळा ऐकलं नव्हतं. ते घरी आले की आंघोळ, जेवण, वर्तमानपत्र, झोप. माझ्या नोकरीबद्दल, मैत्रिणींबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून आम्हाला दोघांना बोलायला विषय मिळाला.

पहिला प्रश्न बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाचा. हे माप इंचाच्या शंभराव्या भागांत सांगतात, बावीस भाग म्हणजे पॉइंट टू टू. मी सरांना विचारलं. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, "फोर फाइव्ह आणि नाइन एमएम डोक्यातून काढ. ते फौजेचं. साध्या माणसाला परवाना मिळत नाही. टू फाइव्ह म्हणजे बायकांच्या पर्समधलं खेळणं. लोक तुला तेच घे म्हणतील, अजिबात घेऊ नको. राहिलं टू टू आणि थ्री टू. थ्री टू जीव वाचवायला, टू टू शिकायला. तुला कुणापासून जीव वाचवायचाय?"

"नाही, सर."

"मग विचारतेस कशाला?"

पण मला थ्री टूचा मोह होता, खोटं कशाला सांगू. बावीस म्हणजे जत्रेत फुगे फोडायचं काहीतरी, आणि बत्तीस म्हणजे खरं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. क्लबात येणाऱ्या एका वकिलांकडे स्वतःचं पॉइंट थ्री टू होतं. सरांनी त्यांना विनंती करून मला त्यातून पाच गोळ्या मारायला दिल्या. पहिल्या दोन बऱ्या गेल्या. तिसरीपासून चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. धक्का बसायच्या आधीच हात त्याची वाट बघून खाली दबत होता. पाचवी गोळी कागदालाही लागली नाही.

"बघितलंस?" सर म्हणाले. "हात खोटं बोलत नाही."

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने दोन वर्तुळं काढली, एक साडेपाच मिलिमीटरचं आणि एक साडेसातच्या थोडं वरचं. दोन्हीकडे बघत म्हणाले, "दोन मिलिमीटरसाठी एवढी भानगड."

"दोनच तर आहेत," मी म्हटलं.

"दोनच? आमच्याकडे दोन मिलिमीटर चुकले तर माल भंगारात जातो."

दुसरा प्रश्न फ्रेमचा. आई, शेजारपाजारच्या बायका, ऑफिसातल्या मुली, ज्यांना ज्यांना मी सांगितलं ते सगळे म्हणाले, तुझा हात लहान, तू लहानच घे. मलाही तसंच वाटत होतं. बाबा म्हणाले, "वाटण्यावर जाऊ नये. हातात धरून बघितलं पाहिजे." धरायला पिस्तूल कुठून आणणार? मग त्यांनी एका रविवारी पॅकिंगच्या खोक्याची फळी घेतली आणि माहितीपत्रकातल्या मापाने धाकट्या पिस्तुलाचा लाकडी ठोकळा कापला. कानशीने कडा गोल केल्या. मी तो हातात धरला. तीन बोटं मुठीवर बसायला हवीत, तर दोनच बसली. करंगळी खाली हवेत लोंबकळत राहिली.

"आता हात लांब कर आणि शंभर मोज," बाबा म्हणाले.

साठच्या पुढे ठोकळ्याचं टोक डुलायला लागलं. बाबा पाटावर बसून माझ्या करंगळीकडे बघत होते. "तिला काम नाही ना, म्हणून सगळं डळमळतंय. मोठ्याची मूठ जाडीला हीच आहे, फक्त एक सेंटीमीटर उंच. तोही करतो. मग ठरव."

मी परवान्यासाठी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'नेमबाजीचा सराव' लिहिलं, क्लबाचं पत्र जोडलं. बाबा माझ्याबरोबर पोलीस चौकीत आले. अधिकाऱ्यांनी त्यांनाच विचारलं, "तुमची संमती आहे का?" बाबा म्हणाले, "आहे, साहेब." मी शेजारी बसले होते. मला ते दोन शब्द इतके आवडले की घरी येताना मी त्यांच्यासाठी स्टेशनबाहेरून भजी घेतली.

मग चौकशीला हवालदार चाळीत आले. त्यांनी त्यांचं काम केलं, त्यांचा काही दोष नाही. आजूबाजूच्या चार दारांत विचारलं की मुलगी कशी आहे, घरात भांडणं होतात का, कुणाशी वैर आहे का. संध्याकाळपर्यंत गोष्ट टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली आणि जाता जाता तिला शेपटं फुटली. कुणी म्हणालं, हिला कुणी मुलगा त्रास देतो. कुणी म्हणालं, हीच कुणाच्या तरी मागे आहे. त्याच महिन्यात डोंबिवलीहून एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी खात्यात, माणसं बरी, बघून गेले होते, मुलगी पसंत आहे असा निरोपही आला होता. हवालदार येऊन गेल्यानंतर त्यांच्याकडून काहीच आलं नाही. आईने चौकशी केली तेव्हा मध्यस्थ बाई म्हणाल्या, "त्यांना साधी मुलगी हवीय."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलली ती सरळच बोलली. "माका ह्या पसंत नाय. आज सांगतंय, धा वेळा सांगतलंय." मी रडले, भांडले, ती पण भांडली, आणि मग आम्ही दोघी मिळून कोलंबी सोलायला बसलो. बाबा त्या सगळ्या भांडणात गप्प होते. मला वाटलं, ते माझ्या बाजूने गप्प आहेत.

दिवाळी झाल्यावर त्यांनी दुसरा ठोकळा आणला. हा सागवानाचा होता. आतून पोकळ करून त्यात शिसं ओतलं होतं, वजन माहितीपत्रकातल्या ग्रॅमला तंतोतंत जुळवलेलं. चापाच्या जागी पितळी पट्टी आणि तिच्यामागे छोटी स्प्रिंग. मुठीवर दोन्ही बाजूंना बारीक चौकड्या कोरल्या होत्या, घामाने हात सरकू नये म्हणून. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी ते काम केलं होतं, महिनाभर. मी तो हातात घेतला आणि माझी तिन्ही बोटं मुठीवर अशी बसली, जणू तिथे त्यांची नावं लिहिली होती.

"शंभर मोज," बाबा म्हणाले.

मी दीडशे मोजले. टोक हललं नाही. बाबांनी मान डोलावली. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. त्याच संध्याकाळी मी मामाला पत्र लिहिलं : पॉइंट टू टू, मोठी फ्रेम. खाली दोन रेघा मारल्या. बाबा म्हणाले, "दे, साकीनाक्याच्या पोस्टात टाकतो. तिथून लवकर निघतं."

शिमग्याच्या सुमारास परवाना हातात आला. त्यावर माझा फोटो, माझं नाव आणि पॉइंट टू टू. मी तो ऑफिसात नेला, क्लबात नेला. सरांनी पेढा मागितला. "मोठ्या स्पर्धेत हे पिस्तूल पुरणार नाही," ते म्हणाले, "पण रोज आपल्याच हत्याराने सराव झाला की अर्धं काम झालं. दोन वर्षं दे मला."

मी द्यायला तयार होते. पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक मी वहीत आखलंसुद्धा.

मे महिन्यात मामा आला. विमानतळावर गर्दी होती, हार होते, सामान होतं, तिथे विचारता आलं नाही. दोन दिवसांनी शनिवारी सकाळी मी चेंबूरला त्याच्या घरी गेले. मामीने दार उघडलं, वाटीत जर्मन चॉकलेटं आणून ठेवली. मामा आतून आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस गं. कशी आहेस?"

"मामा, आधी दाखव."

त्याने मामीकडे बघितलं. मग कपाटातून एक निळा डबा आणला आणि टीपॉयवर ठेवला. डबा उघडायच्या आधीच मला कळलं. इतके महिने मी ती मापं जगले होते. त्या डब्यात मोठं पिस्तूल मावलं नसतं.

धाकटं होतं. काळंभोर, सुंदर, तेलाचा वास येणारं. मी हातात घेतलं. करंगळी खाली आली आणि हवेत राहिली. नळीच्या बाजूला कोरलेला बोअर वाचला. बत्तीस.

"दुकानात टू टू नव्हतं," मामा म्हणाला.

"कधीच नव्हतं? सहा महिन्यांत?"

"नव्हतं ना."

"मग मला लिहायचं. मी थांबले असते. आणि माझा परवाना टू टूचा आहे, हे माझ्या नावावर होणार कसं?"

मामी म्हणाली, "अहो, पोरीला खरं सांगा. मला हे असं नाही जमत." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मामाने कपाळ चोळलं. "हे माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "यायच्या आधीच काढलेल्या माझ्या परवान्यावर. तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं."

मला वाटलं तो स्वतःला वाचवायला काहीतरी सांगतोय. मी हसलेच. "बाबांनी? बाबांनी तर मला..."

तो उठला आणि पत्रांच्या पिशवीतून एक निळं हवाई पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. बाबांचं अक्षर मी अंधारातही ओळखलं असतं. मशिनच्या नकाशावर लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं, सरळ.

'अनेक आशीर्वाद. पोरीचं पत्र तुला येईल. ती टू टू मागेल. तू तिच्यासाठी आणू नकोस. तुला हवं ते तुझ्या नावावर आण. चौकशीला पोलीस घरी आले आणि एक चांगलं स्थळ गेलं. घरात पिस्तूल असलेल्या मुलीला कोण करून घेणार? तिला नाही म्हटलं तर ती ऐकणार नाही, म्हणून मी नाही म्हणत नाही. ती विचारेल तर दुकानात नव्हतं असं सांग. काही दिवस रुसेल, मग विसरेल. हे तुझ्या बहिणीलाही सांगू नकोस, तिच्या पोटात राहत नाही.'

मी पत्र दोनदा वाचलं. मग वरची तारीख वाचली. पत्र दसऱ्याच्या आधीचं होतं. सागवानाचा ठोकळा बाबांनी दिवाळीनंतर आणला होता.

मी मनातल्या मनात परत परत मोजत राहिले. पत्र लिहून झाल्यावर त्यांनी लाकूड निवडलं होतं. पत्र पोचलं असेल तेव्हा ते शिसं वितळवत होते. मुठीवरच्या चौकड्या, पितळी पट्टी, ती स्प्रिंग, सगळं नंतरचं. मला दीडशेपर्यंत मोजायला लावून त्यांनी मान डोलावली, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की मी जे निवडतेय ते येणार नाही.

"तुला पण बरं पडलं ना?" मी मामाला विचारलं.

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हो, पडलं. मी धंदा सुरू करतोय, इकडेतिकडे एकट्याने फिरावं लागेल. खिशात मावणारं बरं. पण मी स्वतःहून केलं नसतं गं. त्यांनी लिहिलं, म्हणून."

मी चहा घेतला नाही. कुर्ल्याला बस बदलून सरळ साकीनाक्याला गेले. बाबांच्या वर्कशॉपमध्ये मी आधी एकदाच गेले होते, लहानपणी दसऱ्याच्या पूजेला. बाबा लेथवर वाकले होते, पायाशी लोखंडाचा निळा कुरळा कीस पडत होता. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं. पट्टा हळूहळू थांबेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो. माझ्या हातातलं निळं पत्र त्यांनी ओळखलं.

"बाहेर चल," ते म्हणाले.

"इथेच बोला."

"बाहेर चल गं. माणसं आहेत."

बाहेर गल्लीत ट्रकमधून पत्रे उतरवत होते. बाबांनी चिंध्यांनी हात पुसले, पुसतच राहिले.

"मी नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग भांडायचं होतं ना, बाबा! आई भांडली तशी. आठ महिने तुम्ही माझ्याबरोबर बसलात. मापं काढलीत. चौकीत जाऊन 'आहे, साहेब' म्हणालात. मग दुसरा ठोकळा कशाला केलात? सांगा ना, तो कशाला केलात?"

त्यांनी चिंध्या खिशात कोंबल्या. मग इतकंच म्हणाले, "तुला आवडत होतं."

"मला पिस्तूल हवं होतं. ठोकळा नको होता."

"ती डोंबिवलीची माणसं चांगली होती," ते म्हणाले. "मी बाप आहे तुझा. मला पुढचं बघावं लागतं."

आतून त्यांना कुणीतरी हाक मारली. ते म्हणाले, "संध्याकाळी बोलू." आणि आत गेले. थोड्या वेळाने लेथ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी आम्ही बोललो नाही. बोलली ती आई. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने ते सावकाश वाचलं. मला वाटलं ती खूश होईल, शेवटी तिच्याच मनासारखं झालं होतं. बाबा घरी आले, चपला काढत होते, तेव्हा ती म्हणाली, "माका पटला नाय, तर मी तिच्या तोंडार सांगलंय. तुमी पाठीमागसून केलात. आणि वर लिवतात, माझ्या पोटात रवना नाय." त्या रात्री तिने त्यांना वाढलं, पण स्वतः त्यांच्याबरोबर जेवायला बसली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ती मला पुढे सांगायची.

मला दुःखापेक्षा लाज जास्त वाटत होती. क्लबात काय सांगणार? सरांना मी तेच सांगितलं जे मामाने मला सांगितलं होतं, दुकानात नव्हतं. सरांनी क्लबाचं पिस्तूल माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा चप्पल दुसऱ्याची." परवान्यावर ठरलेल्या मुदतीत शस्त्र घ्यावं लागे. इथल्या दुकानांत परदेशी टू टू घेणं माझ्या पगारात शक्य नव्हतं. मुदत संपली आणि परवाना कपाटात कागद होऊन पडला.

क्लब मी सोडला नाही. अजून तीन वर्षं जात राहिले. त्या धिप्पाड मुठीवर सुताचा धागा गुंडाळून, मनगट वाकडं करून, गोळ्या डावीकडे जातात हे धरून नेम थोडा उजवीकडे लावायला शिकले. राज्याच्या स्पर्धेत एकदा चौथी आले. पुढे जाता आलं असतं का? सर म्हणायचे, आलं असतं. मी त्याच्यावर फार विचार करत नाही, केला तर झोप जाते. मग ऑफिस मोठं झालं, काम वाढलं, शनिवारची सुट्टी गेली आणि जाणं आपोआप थांबलं.

बाबांशी मी बोलत नव्हते असं नाही. चार-पाच महिन्यांनी बोलायला लागले. मीठ द्या, पंखा बंद करा, डॉक्टरकडे जाऊन या. पण काही विचारायचं मात्र मी बंद केलं. नोकरी बदलली, ती बदलल्यावर सांगितलं. बोरिवलीला एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली, सामान बांधून झाल्यावर सांगितलं. ते प्रत्येक वेळी "बरं" म्हणायचे. आई चिडायची, भांडायची, रडायची, आणि मला तिचा फार आधार वाटायचा, कारण तिच्या मनात काय आहे ते मला नेहमी कळायचं.

मी एकोणतिसाव्या वर्षी लग्न केलं. ऑफिसातलाच मुलगा, वसईकडचा, ख्रिश्चन. महिनाभर आधी विवाह नोंदणी कचेरीत नोटीस दिली होती, तीन साक्षीदार मैत्रिणी ठरल्या होत्या. घरी मी आदल्या दिवशी सांगितलं. आईने आधी कपाळाला हात लावला, मग साडी कुठली नेसणार ते विचारलं. बाबा खिडकीपाशी बसले होते. 

"मला आधी सांगायचंस," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं का तुला?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हटलं असतंत."

त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी बघितलं. इतकी वर्षं मला हे वाक्य कधीतरी त्यांना ऐकवायचं होतं. ऐकवलं, आणि मला काही बरं वाटलं नाही. ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि उद्यासाठी हार सांगायला बाजारात गेले. परत आले ते दोन हार आणि एक गजरा सांगून, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन उभे होते.